वाचता येऊ नये असा

आर्वीच्या सराफ्यात, हिवरकरांच्या दुकानी,
काउंटरवर सात पिवळे बल्ब माना खाली घालून
आणि त्यांच्या खाली निळ्या कागदाच्या पुड्या.
चमकीसाठी हिरा.
पहिलाच. माझ्या पैशाचा.
कटोरी ब्लाउजचा, फॉल-पिकोचा,
लग्नसराईत रात्री दोनपर्यंत चाललेल्या मशीनचा.

सोबत रुपरावदादा.
अकरा वर्षं सुरतेला घंटीवर बसला होता.
आता समोरचं माणूस कोण, ते त्याला खाकरण्यावरून कळतं.
आई म्हणायची, हिऱ्यांनी डोळे नेले पोराचे.
तो म्हणे, "हिरे कायले नेतीन?
उजेड कमी होता तिथं, बस."

"वीस सेंट, ताई. नाकात घातला
का वेशीवरून दिसन," हिवरकर म्हणाले.
पुडी उघडली आणि खडा असा पेटला
की माझा हात पर्सच्या चेनवर गेला.
दादानं मनगट धरलं.
"बल्बाखाली तं बाटलीची काचही हासते.
दारात चाल."

बाहेर ढगाळ. पानठेल्याच्या ताडपत्रीची सावली.
"काय दिसते?"
"चमकते."
"ते नोको सांगू. मधात काय?"
मी डोळा बारीक केला.
मधात एक राखाडी कडं,
बाजारातल्या शिळ्या मासोळीचं बुबुळ.
सांगितलं तसं. तो हसला.
"आम्ही बी तेच म्हनो. पसरट कापला,
वरून मोठा दिसावा म्हनून.
पेपरावर ठेव."
ठेवला. छोट्या जाहिरातीतलं 'पाहिजे'
खड्यातून सरळ वाचता आलं.
"म्हंजे उजेड खालून गळते," दादा म्हणाला.
"वाचता येते, तो घेऊ नोको."

दुसरा सतरा सेंटचा.
बल्बाखाली तोही देखणा.
दारात आणला तर मधोमध खिळ्याचं डोकं,
काळं, ठोकून बसवलेलं.
"पोटात वजन ठेवलं यानं," दादा म्हणाला.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
अडीच मीटर कापड, कटिंग बेकार,
आणि सगळं कापड आत शिलाईत दाबलेलं:
पैसे लागतात, अंगावर दिसत नाही.

हिवरकरांचा चेहरा एवढासा झाला.
पोऱ्यानं चहा आणला, तोही अर्धा कपच.

तिसरी पुडी त्यांनी आपणहून उघडली नाही.
मीच बोट दाखवलं.
अकरा सेंट. तिळाहून जरा मोठा म्हणा.
"काय दिसते?"
काय सांगू? दारातल्या त्या मळकट उजेडात
काळं पांढरं, पांढरं काळं,
किंचित हलवला की जागा बदलून घेतात,
फुगडीत पोरी घेतात तशा.
"तिरपा कर. मेला का?"
"नाही."
"सावलीत?"
"नाही."
पेपरावर ठेवला. खालचा शब्द गेला.
कुठला शब्द होता तेही मला आठवेना.

मग दादानं हात पुढे केला.
बोटाच्या पेरावर खडा घेतला,
अंगठ्यानं फिरवला, पुन्हा फिरवला,
रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर गेले तरी फिरवतच.
"यानं घाई नाही केली," म्हणाला.
"ज्यानं कोनी घासला, त्यानं."
हे बोटाला कळतं का,
मी विचारलं नाही.

घासाघीस झाली, घडणावळीचे तीनशे सुटले.
पुडी रुमालात, रुमाल पर्समध्ये,
पर्स दोघांच्या मध्ये, एसटीच्या बाकावर.
शेजारची प्रमिला उद्या म्हणणारच,
"लहानच घेतला वं?"
म्हणू दे.

रोहण्याच्या अलीकडे दादानं विचारलं,
"काय दिसते?"
मी चेन उघडली, रुमालाची गाठ सोडू लागले.
"ते नाही वं. खिडकीतून."

मी बाहेर पाहिलं.
"तूर फुलली," म्हटलं.
"पिवळी?"
"पिवळी. काही शेंगाही धरल्या."
"अच्छा," म्हणाला,
आणि तोंड तिकडे करून बसला.